बरणीतल्या सापांची नावं

वर्तमानपत्रात अधूनमधून बातमी येते: सह्याद्रीत सापाची नवी जात सापडली. सोबत ओल्या पानांवर वेटोळं घालून बसलेल्या सापाचा रंगीत फोटो, संशोधकांची नावं आणि आंबोली, कोयना असं एखादं ओळखीचं ठिकाण. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पावसाळी रात्र उभी राहते, बॅटरीचा झोत, चिखलात रुतणारे बूट. हे चित्र खरं आहे, पण अर्धं. उरलेलं काम एखाद्या संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, कपाटांच्या रांगांमध्ये होतं. तिथे काचेच्या बरण्यांत अल्कोहोलमध्ये बुडवलेले साप असतात आणि प्रत्येकाच्या अंगाला दोऱ्याने एक क्रमांक बांधलेला असतो. जंगलात दिसलेला साप नवा की जुनाच, याचा निवाडा या बरण्या उघडल्याशिवाय होत नाही. कित्येकदा तर नवी जात या बरण्यांमध्येच सापडते. कुणीतरी फार पूर्वी पकडून, चुकीच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवून दिलेली. हे पुस्तक त्या मागच्या खोलीबद्दल आहे.

जगात सापांच्या चार हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, भारतात तीनशेहून अधिक, आणि दर वर्षी त्यांत भर पडते. पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या संशोधकांनी 2012 मध्ये एक हिशेब मांडला होता. एखाद्या सजीवाचा पहिला नमुना गोळा झाल्यापासून तो नवी जात म्हणून जगापुढे येईपर्यंत किती काळ जातो? सरासरी 21 वर्षं. हा आकडा सगळ्या प्रकारच्या सजीवांचा आहे. सापांचा इतिहास पाहिला तर 21 वर्षं म्हणजे घाईच वाटावी, अशी उदाहरणं डझनांनी निघतात.

एवढी वर्षं बरणी कुणी उघडलीच नाही, असं मात्र नसतं. बरणी उघडली जाते, साप बाहेर निघतो, मोजला जातो, पुन्हा आत जातो. चूक होते ती ओळखीच्या रीतीत. अभ्यासक नमुना हातात घेतो आणि त्या प्रदेशाचा प्रमाणग्रंथ उघडतो. भारतासाठी फार काळ असे ग्रंथ दोन होते: जॉर्ज अल्बर्ट बूलेंजर यांनी 1893 ते 1896 या काळात तीन खंडांत काढलेली ब्रिटिश म्युझियममधल्या सापांची सूची, आणि माल्कम स्मिथ यांचा 1943 चा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतला सापांचा खंड. त्यांत एकामागून एक प्रश्न विचारलेले असतात. अंगाच्या मध्यावर खवल्यांच्या रांगा किती? गुदद्वारावरचा खवला अखंड की दुभंगलेला? डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये स्वतंत्र खवला आहे का? उत्तरं देत गेलं की शेवटी एक नाव हाती येतं. अडचण अशी की, जी जात त्या ग्रंथात नाहीच, तिचा नमुनासुद्धा कुठल्या ना कुठल्या नावापाशी जाऊन थांबतो. जवळात जवळचं नाव त्याला मिळतं, ते चिठ्ठीवर लिहिलं जातं. पुढचा अभ्यासक चिठ्ठी वाचतो, त्या नमुन्याची मापं त्याच जातीच्या खात्यात जमा करतो, आणि नकाशावर त्या जातीचा प्रदेश शेकडो किलोमीटर पुढे सरकतो. आता ग्रंथाची पुढची आवृत्ती ही चूक सुधारत नाही, उलट पक्की करते.

आपल्याकडच्या काळ्या खापरखवल्याची गोष्ट अशीच आहे. खापरखवल्या हे जमिनीखाली राहणाऱ्या सापांचं कुल. डोकं निमुळतं, डोळे बारीक, अंग गुळगुळीत. पश्चिम घाट, दक्षिण भारतातले काही डोंगर आणि श्रीलंका यांपलीकडे हे कुल जगात कुठेही नाही. यातल्या बऱ्याच सापांची शेपटी तिरकी छाटल्यासारखी, टोकाशी खरखरीत चकती असलेली असते. काळ्या खापरखवल्यांना मात्र तशी चकती नसते. हे साप वर्षातला बहुतेक काळ कुणालाच दिसत नाहीत. पावसाने माती भिजली की वर येतात, रस्ता ओलांडताना चिरडले जातात, बागेत कुदळीखाली निघतात. एकोणिसाव्या शतकात मद्रास इलाख्यातले वनाधिकारी रिचर्ड हेन्री बेडम यांनी या सापांचा ध्यास घेतला. काळ्या खापरखवल्यांच्या तिन्ही जाती त्यांनीच वर्णन केलेल्या, शेवटची 1871 मध्ये. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात, गोव्यात, उत्तर कर्नाटकात जे काळे, ठिपकेदार खापरखवल्ये सापडले ते बेडम यांच्या त्या शेवटच्या, दक्षिणेकडच्या जातीच्या नावाखाली गेले. ग्रंथात दुसरं जवळचं नावच नव्हतं.

लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमचे डेव्हिड गॉवर आणि मार्क विल्किन्सन, आपल्याकडचे वरद गिरी आणि अशोक कॅप्टन यांनी या वंशाचे ठिकठिकाणच्या संग्रहांतले नमुने एकत्र तपासले. उत्तरेकडचे साप वेगळे निघाले. 2016 मध्ये त्यांना मेलॅनोफिडियम खैरेई हे नाव मिळालं, पुण्याच्या कात्रज सर्पोद्यानाचे संस्थापक नीलिमकुमार खैरे यांच्या सन्मानार्थ. महाराष्ट्रात साप दिसला की काठी शोधण्याऐवजी सर्पमित्राला फोन करण्याची सवय जडली, तिच्यामागे खैरे यांच्या आयुष्यभराच्या कामाचा मोठा वाटा आहे. 1871 आणि 2016 यांच्यामध्ये 145 वर्षं आहेत. तेवढ्या काळात कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या किती माणसांनी हा साप पाहिला असेल! तो दुर्मीळ होता म्हणून अनोळखी राहिला असं मला वाटत नाही. उत्तरेचे आणि दक्षिणेचे साप एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून पाहणारं कुणी नव्हतं, म्हणून राहिला.

पुढच्याच वर्षी याच पट्ट्यातला आणखी एक साप वेगळा झाला. बेडम यांनीच 1863 मध्ये वायनाडहून वर्णन केलेला ऱ्हॅब्डॉप्स ऑलिव्हेसिअस हा साप उत्तरेकडे महाराष्ट्रापर्यंत पसरलेला आहे असं मानलं जाई. गिरी, व्ही. दीपक, कॅप्टन, गॉवर आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की उत्तर सह्याद्रीतला साप निराळा आहे. त्याला त्यांनी ऱ्हॅब्डॉप्स ॲक्वाटिकस म्हटलं, कारण तो पाण्यात राहतो. ओढ्यांत, आणि आपल्या कातळसड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या पाण्यात. तेवढ्यावर भागलं नाही. बूलेंजर यांनी 1893 मध्ये या सापाबरोबर एकाच वंशात बसवलेला ईशान्य भारतातला एक साप होता. तोही त्या वंशातला नाही असं 2019 मध्ये ठरलं आणि त्याच्यासाठी स्मिथोफिस हा नवा वंश करावा लागला. सव्वाशे वर्षं हे दोन साप एका खणात होते. मिझोरामचा साप आणि सिंधुदुर्गाचा साप सख्खे भाऊ आहेत ही समजूत त्या खणामुळे टिकली होती.

बरणीतून साप बाहेर काढल्यावर नेमकं काय पाहतात, हे थोडं खुलासेवार सांगायला हवं, कारण पुढची सगळी प्रकरणं त्यावरच उभी आहेत. जिवंत साप आपण रंगावरून ओळखतो. बरणीतल्या सापाचा रंग मात्र विश्वासाचा नसतो. हिरवा हरणटोळ अल्कोहोलमध्ये काही काळ राहिला की निळा पडतो. सापाच्या कातडीतला हिरवा हा एक रंग नसतोच. प्रकाशाच्या विखुरण्याने दिसणारा निळा आणि त्यावरचं पिवळं रंगद्रव्य मिळून तो होतो. अल्कोहोलमध्ये पिवळं द्रव्य विरघळून जातं, निळा मागे उरतो. आणखी वर्षं गेली की तोही जाऊन करडा-तपकिरी साप राहतो. म्हणून जुने अभ्यासक खवल्यांवर भर देत. खवले गळत नाहीत, आकुंचन पावले तरी संख्येने कमी होत नाहीत, आणि दीडशे वर्षांनी मोजले तरी तेवढेच भरतात.

पोटावरचे आडवे खवले मानेपासून गुदद्वारापर्यंत एकेक करून मोजायचे. ते साधारण दीडशे ते अडीचशे भरतात. पहिला पोटखवला कोणता धरायचा यावरच पूर्वी एकमत नव्हतं. अमेरिकेतल्या हर्न्डन डाउलिंग यांनी 1951 मध्ये त्याची रीत घालून दिली. शेपटीखालचे खवले वेगळे मोजायचे, आणि त्याआधी साप नर की मादी हे ठरवायचं, कारण नराची शेपटी लांब असते आणि तिथले खवले जास्त भरतात. पाठीवरच्या रांगा तीन ठिकाणी मोजायच्या: मानेमागे, मध्यावर आणि शेपटीच्या अलीकडे. मग डोक्यावरचा एकेक खवला, ओठांवरचे, डोळ्याभोवतीचे. दात किती आणि कसे. नराचं जननेंद्रिय, ज्याची काटेरी किंवा जाळीदार नक्षी जातीजातीत निराळी असते. मण्यार आणि कवड्या यांतला फरक सर्पमित्र याच ज्ञानाच्या जोरावर सांगतात. मण्यारीच्या पाठीच्या कण्यावर षटकोनी, मोठ्या खवल्यांची रांग असते, कवड्याच्या नसते. खेड्यातल्या अंधाऱ्या खोलीत हा एक फरक माणसाचा जीव वाचवतो. तो फरक कुणीतरी आधी मेलेल्या सापांवर बोट ठेवून मोजलेला आहे.

मोजणं जमलं की खरा प्रश्न पुढे येतो. दहा सापांत पोटखवले 165 ते 175 भरले आणि दुसऱ्या ठिकाणच्या दहांत 178 ते 190, तर या दोन जाती, की एकाच जातीतला प्रदेशाप्रदेशाचा फरक? मधल्या भागातले साप मिळाले तर 176 आणि 177 पण निघतील का? एकदोन नमुन्यांवर नवं नाव ठेवण्याचा मोह मोठा असतो आणि त्यातून शास्त्रात निष्कारण नावांची गर्दी झालेली आहे. याला उत्तर एकच: नमुने पुष्कळ हवेत, आणि ते वेगवेगळ्या ठिकाणचे, वेगवेगळ्या वयाचे, दोन्ही लिंगांचे हवेत. हे एका संशोधकाला एका आयुष्यात जंगलातून गोळा करता येत नाही. संग्रहालयात ते दोनशे वर्षांच्या पुंजीतून मिळतं. जर्मनीचे गेर्नोट फोगेल आणि नेदरलँड्सचे योहान फान रॉयेन यांनी झाडावरच्या सडपातळ सापांवर, म्हणजे आपण ज्यांना रुका साप म्हणतो त्यांवर, याच रीतीने काम केलं. अनेक संग्रहालयांतल्या नमुन्यांची मापं घेऊन ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर लावली. 2011 मध्ये पश्चिम घाटातल्या दोन जाती त्यातून बाहेर आल्या. एक वरद गिरींच्या नावाची, डेंड्रेलाफिस गिरीई. दुसरी अशोक कॅप्टन यांच्या नावाची, डेंड्रेलाफिस अशोकी. साप सगळ्यांनी पाहिलेलेच होते.

नवं नाव ठेवायचं तर जुनी नावं आधी तपासावी लागतात, आणि या विद्येतला सगळ्यात किचकट भाग तोच आहे. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ लिनेयसच्या 1758 च्या ग्रंथापासून धरतात आणि जे नाव आधी प्रसिद्ध झालं त्याचा मान पहिला. प्रत्येक नाव एका विशिष्ट नमुन्याशी बांधलेलं असतं. त्याला होलोटाइप म्हणतात. वर्णन चुकलेलं असेल, चित्र वाईट असेल, पण त्या नावाचा अर्थ म्हणजे तो एक साप. वाद झाला तर त्या सापापाशी जायचं. म्हणून होलोटाइप असलेल्या बरण्या संग्रहालयात वेगळ्या कपाटात, कुलपाआड असतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडू लागले तेव्हा ब्रिटिश म्युझियमने असे नमुने बाजूला काढून सुरक्षित जागी हलवले आणि युद्धानंतर त्यांना 1946 ने सुरू होणारे नवे क्रमांक दिले. नवखा वाचक शोधनिबंधात असा क्रमांक पाहून तो साप 1946 मध्ये पकडला असं समजतो. तो बेडम यांनी निलगिरीत पकडलेला असू शकतो.

नमुना न पाहता नाव पुढे चालवलं की काय होतं, याचं एक बोलकं उदाहरण आपल्या ओळखीच्या धूळनागिणीचं आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे निसर्गतज्ज्ञ पॅट्रिक रसेल यांनी 1796 मध्ये भारतीय सापांवरचा मोठा चित्रग्रंथ काढला. घोणशीच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचं नाव आहे. रसेल यांनी सापांना लॅटिन नावं दिली नाहीत, स्थानिक नावंच लिहिली. त्यांच्या चित्रांवरून लॅटिन नावं ठेवली ती युरोपात बसलेल्या दुसऱ्या लोकांनी. जॉर्ज शॉ यांनी 1802 मध्ये अशा एका चित्राला दिलेलं नाव पुढे धूळनागिणीला चिकटलं. व्ही. दीपक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये मूळ चित्र, जुने नमुने आणि जनुकं एकत्र तपासून दाखवलं की शॉ यांचं नाव धूळनागिणीचं नव्हतंच. त्याच तपासात तमिळनाडूतली एक नवी जातही हाती लागली, प्लॅटिसेप्स जोसेफी. दोन शतकांचा घोळ एका चित्राकडे नीट न पाहिल्यामुळे चालला होता. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. मला ते जंगलातल्या शोधाइतकंच धाडसाचं वाटतं.

हरणटोळाचंही तसंच झालं. आपण सारे ज्याला अहेटुला नासुटा म्हणत आलो, तो अशोक मलिक आणि सहकाऱ्यांच्या 2020 च्या अभ्यासानुसार श्रीलंकेपुरता उरला. भारतातले हरणटोळ पाच-सहा निराळ्या जातींचे निघाले. त्यांतल्या काही नव्या होत्या. उत्तर सह्याद्रीतली अहेटुला बोरिआलिस ही त्यांतलीच. काहींना मात्र जुनीच, रद्दबातल ठरवलेली नावं परत मिळाली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कुणीतरी तो फरक ओळखला होता, नाव ठेवलं होतं, आणि पुढच्यांनी ते मोडीत काढलं होतं. जुन्या अभ्यासकांच्या नजरेला असा उशिरा न्याय मिळतो तेव्हा फार बरं वाटतं.

आता परदेशातली एक हकिकत, जिच्यावाचून हा विषय पुरा होणार नाही. 1976 मध्ये मेक्सिकोतल्या चियापास राज्यातल्या डोंगरी जंगलात तेंदूच्या पानांसारखी तिथल्या एका ताडजातीची पानं तोडून विकणाऱ्या लोकांना एक पोवळा साप सापडला. तो जीवशास्त्रज्ञांच्या हाती आला. त्याच्या पोटात दुसरा साप होता, जेमतेम पंचवीस सेंटिमीटरचा, आणि तो कुठल्याच ज्ञात वंशात बसेना. नमुना टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन इथल्या संग्रहात गेला. संशोधक पुन्हा पुन्हा त्या भागात गेले. जिवंत साप मिळाला नाही. अखेर 2018 मध्ये जोनाथन कॅम्पबेल, एरिक स्मिथ आणि अलेक्झांडर हॉल यांनी त्या एकाच नमुन्यावर सेनास्पिस एनिग्मा हा नवा वंश आणि नवी जात जाहीर केली. एकच नमुना, म्हणून त्याला चिरता येत नव्हतं; क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनने कवटी आणि हाडं पाहिली. दातांच्या ठेवणीवरून तो कीटक-कोळ्यांसारखे जीव खात असावा असा कयास बांधला. शेपटीखालचे खवले अखंड, जननेंद्रियाची नक्षी त्याच्या नातलगांत कुणाचीच नाही अशी. वर मी म्हटलं की एका नमुन्यावर नाव ठेवणं धोक्याचं. इथे मात्र फरक इतका ठळक होता आणि प्रतीक्षा इतकी लांब झाली होती की ते नाव ठेवणंच योग्य होतं असं माझं मत आहे. हे नाव नसतं तर त्या सापासाठी ते जंगल राखा असं म्हणायलाही जागा नव्हती.

फिलिपीन्समधल्या लेव्हिटोनिअस मिरसची गोष्ट याच्या उलट आहे. समार आणि लेते बेटांवर 2006 ते 2012 या काळात मिळालेले त्याचे मोजके नमुने कॅन्सस विद्यापीठात दुसऱ्याच एका बुटक्या सापाच्या नावाने पडून होते. जेफ वाइनेल यांनी त्या गटाची जनुकं तपासायला घेतली, तेव्हा हे नमुने त्या गटाच्या आसपासही बसले नाहीत. 2020 मध्ये तो नवा वंश ठरला. इथे चूक आधी डोळ्यांना दिसली नाही, जनुकांनी दाखवली, आणि मग पुन्हा पाहिल्यावर डोळ्यांनाही दिसली.

जनुकांचा विषय निघाला की जुन्या बरण्यांची एक मोठी अडचण सांगावी लागते. फॉर्मॅलिनने शरीर टणक होऊन टिकतं हे 1890 च्या दशकात कळलं आणि जगभरच्या संग्रहालयांनी ते उचललं. आजही नमुना आधी फॉर्मॅलिनमध्ये आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतात. शरीररचनेसाठी ते उत्तम, पण डीएनएचे त्यामुळे तुकडे होतात. म्हणून अलीकडे फॉर्मॅलिनमध्ये टाकण्याआधी यकृताचा किंवा स्नायूचा तुकडा काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये वेगळा ठेवतात. जुन्या सापांसाठी ते शक्य नव्हतं आणि फार वर्षं त्यांच्यातून जनुकं काढणं अशक्यच समजलं जाई. सारा रुएन आणि ख्रिस्तोफर ऑस्टिन यांनी 2017 मध्ये शंभर वर्षांहून जुन्या आणि फॉर्मॅलिनमधल्या सापांतूनही उपयोगी डीएनए मिळवून दाखवला. तेव्हापासून त्या बरण्यांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली आहे. बेडम यांना डीएनए ठाऊक नव्हता. त्यांनी ठेवलेल्या सापांतून तो आज वाचण्याची आशा आहे. जपून ठेवण्याचं याहून मोठं कारण मी देऊ शकत नाही.

आणि जपणं सोपं नाही. अल्कोहोल उडून जातं, झाकणं सैल होतात, चिठ्ठ्यांची शाई विरते. आपल्या झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचा संग्रह युद्धाच्या धास्तीने कलकत्त्याहून वाराणसीला हलवला होता. 1943 मध्ये वरुणा नदीला पूर आला आणि त्यात कितीतरी नमुने खराब झाले. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या बुटांटान संस्थेत 15 मे 2010 रोजी आग लागली आणि सुमारे 80 हजार सापांचा, जगातल्या मोठ्यांत मोठ्या सर्पसंग्रहांपैकी एक, संग्रह जळाला. अल्कोहोलने भरलेल्या खोल्या किती भराभर पेटतात हे सांगायला नको. ते साप जिथून आणले होते त्यांतल्या कित्येक जागी आज जंगलच नाही, म्हणजे ते साप पुन्हा गोळा करण्याचाही मार्ग नाही.

मुंबईचा वारसा इथे आठवला पाहिजे. 15 सप्टेंबर 1883 रोजी आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते. संस्थेचा संग्रह सदस्यांनी पाठवलेल्या वस्तूंतून वाढत गेला आणि तिच्या नियतकालिकात फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरांनी भारतीय सापांवर वर्षानुवर्षं लिहिलं. त्याच नियतकालिकात 2019 मध्ये कोयनेच्या परिसरातल्या मांजऱ्या सापाची नवी जात, बोइगा ठाकरेयी, प्रसिद्ध झाली. पश्चिम घाटातून त्या वंशाची नवी जात नोंदली गेली ती 125 वर्षांनी. सोसायटीच्या हॉर्नबिल हाउसमधला संग्रह जवळ होता म्हणून अशी कामं इथे होऊ शकली. आपल्या देशातल्या सापांचे बरेचसे होलोटाइप मात्र लंडनमध्ये आहेत, आणि कोल्हापूरच्या किंवा सावंतवाडीच्या मुलाला आपल्याच गावच्या सापाचं नाव तपासायला तिथवर जावं लागतं, नाहीतर कुणाच्या कृपेने आलेल्या फोटोवर भागवावं लागतं. नव्या जातींचे होलोटाइप आता भारतातच ठेवले जातात, हे चांगलं झालं. पण त्यासाठी इथल्या संग्रहांना पैसा, जागा आणि कायम नोकरीतली माणसं लागतात. पैशाअभावी क्युरेटरची जागा रिकामी ठेवणं म्हणजे संग्रह हळूहळू मरू देणं.

नावांचा हा सगळा खटाटोप कशासाठी, असं विचारणाऱ्यांना मी नागराजाकडे बोट दाखवतो. कँटर यांनी 1836 मध्ये नाव दिल्यापासून भारतापासून फिलिपीन्सपर्यंत नागराज एकच, असं आपण मानत होतो. 2024 मध्ये त्याच्या चार जाती ठरल्या. पश्चिम घाटातला नागराज आता ओफिओफॅगस काळिंग आहे, गोव्याच्या जंगलातलाही तोच. आशियाभर पसरलेला एक साप आणि फक्त पश्चिम घाटात राहणारा एक साप, या दोघांना राखण्याचा हिशेब एक असू शकत नाही. विषारी सापांत तर हा प्रश्न दवाखान्यापर्यंत पोचतो. घोणस पश्चिमेची आणि पूर्वेची अशा दोन जातींत विभागली गेली आहे, आणि एकीच्या विषावर केलेलं औषध दुसरीच्या दंशावर तितकं चालत नाही.

सापाला मारून बरणीत ठेवणं योग्य आहे का, हा प्रश्न पुस्तक वाचताना येईलच आणि तो टाळू नये. 2014 मध्ये ‘सायन्स’मध्ये यावर वाद झाला. काहींनी म्हटलं की दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत फोटो, आवाज आणि डीएनएचा नमुना पुरे. शंभराहून अधिक संशोधकांनी त्याला उत्तर दिलं की प्रत्यक्ष नमुन्याची जागा फोटो घेऊ शकत नाही. मी दुसऱ्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. जिवंत साप मारण्याआधी आधीच मेलेले साप वापरा. घाटात दर पावसाळ्यात गाड्यांखाली जेवढे साप मरतात, त्यांतले थोडे जरी नोंदीसह संग्रहात पोचले तरी मोठी पुंजी होईल.

नोंदीसह, हा शब्द मुद्दाम लिहिला. जुन्या बरण्यांवर ‘मलबार’, ‘मद्रास’, ‘हिमालय’ एवढंच लिहिलेलं असतं आणि त्यामुळे चांगले नमुने निम्म्या किमतीचे झाले आहेत. महाराष्ट्रात आज गावोगाव सर्पमित्र आहेत. बेडम यांनी पाहिले नसतील इतके साप त्यांच्या हातून जातात, आणि मोबाइलमध्ये फोटो राहतात ते ठिकाण-तारखेवाचून. साप वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत. परवानगीवाचून पकडणं किंवा मेलेला साप घरी बरणीत ठेवणं गुन्हा आहे, तेव्हा ते कुणी करू नये. पण फोटो काढाल तेव्हा गाव, तालुका, तारीख आणि वेळ त्याच दिवशी वहीत लिहा. डोक्याचा, पाठीचा आणि पोटाकडचा, असे तीन फोटो घ्या; साप विषारी असेल तर त्याला न हाताळता जेवढे मिळतील तेवढेच. आणि रस्त्यावर मेलेला अनोळखी साप दिसला तर तो गटारात ढकलण्याआधी वनखात्याला आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा.